डोळा नसलेलं पान

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळी कॉलनी रोपवाल्या ताई म्हणते. म्हणू दे बापडी. कुणाला बाळ झालं, कुणी नवं घर घेतलं, कुणी दवाखान्यातून परत आलं, की जाऊबाई काचेच्या ग्लासात एक हिरवंगार पान घालून त्यांच्या दारात हजर. "घ्या हो, घरचंच आहे." घेणारा हरखून जातो, चहा ठेवतो आणि नंतर मला गाठून ऐकवतो, तुमच्या जाऊबाईंचा हात काय सढळ आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मुळात ती वेल त्यांची नव्हेच. ती आमच्या सासूबाईंची. जाड, गुळगुळीत पानं आणि झुबक्यांनी येणारी फुलं, मेणाची करून लावल्यासारखी. संध्याकाळ झाली की घरभर वास सुटायचा. थोरले भाऊजी जन्मले त्या वर्षी आईंनी ती लावली. दोघं एका वयाचे, फक्त वेलीला बहर आला. सासरे गेल्यावर जुनं घर सोडलं, तेव्हा जाऊबाईंनी वेल उचलली आणि आई माझ्याकडे आल्या. "तुमच्याकडे ऊन कुठं येतं?" जाऊबाई म्हणाल्या. आमच्याकडे इतकं ऊन येतं की पडदे विटतात. पण तेव्हा मी नवी होते, गप्प बसले.

आईंनी पुढं कधी कशाचा हट्ट धरला नाही. जाऊबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आणि आईंचे गुडघे गेलेले. त्यामुळे वेल त्यांच्या नजरेस पडायची बंदच झाली. एकदा मात्र त्या जाऊबाईंना म्हणाल्या, "एक फांदी दे गं. माझ्या खिडकीत तिचं एक फूल बघते आणि मग मी जायला मोकळी."

जाऊबाईंनी दुसऱ्याच दिवशी ग्लास आणून खिडकीत ठेवला. फांदी नव्हतीच, एकच पान होतं. "फुटेल हो आई, धीर धरा." वर माझ्याकडे बघून, "धाकटे, पाणी बदलशील ना? की तेही मीच येऊन करू?"

पाणी आईच बदलायच्या. सकाळी चष्मा पुसायचा, ग्लास उजेडात धरायचा, देठाशी काही दिसतंय का बघायचं. मुळं तर छान पांढरी आली. ग्लासातून कुंडीत लावलं, तिथंही पान ताठ उभं राहिलं. फूट मात्र येईना. मी रोज म्हणायचे, "येईल हो आई." त्या नुसत्या मान हलवायच्या.

मग मला दिसायला लागलं. दवाखान्याच्या काउंटरवर एक पान. शिंपिणीच्या मशीनशेजारी एक पान. शेजारच्या मास्तरांच्या टीव्हीवर एक पान. सगळी टवटवीत, सगळी एकेकटी, आणि एकाचंही दुसरं पान झालेलं नाही. एवढ्या सगळ्यांचा हात कसा वाईट असेल?

एके दिवशी निरोप द्यायला गेले तेव्हा जाऊबाई गॅलरीत कात्री घेऊन उभ्या होत्या. मी मागं उभी राहून पाहिलं. पान जिथं खोडाला चिकटतं, तिथं एक बारीक उंचवटा असतो, त्याला डोळा म्हणतात. नवी फूट येते ती तिथूनच. खोडाचा तेवढा तुकडा पानाबरोबर आला नाही तर पान मुळं धरतं, वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण वाढत नाही. जाऊबाई डोळा बरोब्बर वेलीवर ठेवून फक्त पान कापत होत्या. सवयीचा हात होता.

"आईंनाही असंच दिलंत?" मी विचारलं.

त्या दचकल्या, पण क्षणभरच. "मग काय करू? सगळ्यांकडे वेल झाली तर मला कोण विचारेल? तुझ्याकडे आई आहेत, माणसं येतात-जातात. माझ्याकडे ही आहे."

"आई फुलाची वाट बघताहेत."

"सांग जाऊन. मन मोडायचं असेल तर सांग."

मी सांगितलं नाही. रोज खोटं बोलत राहिले आणि मनातल्या मनात जाऊबाईंचा उद्धार करत राहिले.

पुढं त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, भाऊजींनाही घेऊन. किल्ली कुणाकडे ठेवली नाही. ठेवतील कशा? कुणी डोळ्यासकट फांदी नेली असती तर? कुंडी पाण्याच्या टबात ठेवली आणि कुलूप लावून निघाल्या. परतल्या तेव्हा पानं मलूल झालेली. मुळं कुजली की वेल तहानलेलीच दिसते. जाऊबाईंनी आणखी पाणी घातलं. कुणाला विचारायचं तर अब्रूचा प्रश्न. दार उघडेनात, कुणाला गॅलरीत येऊ देईनात. शेवटी शेंड्यापर्यंत काळी पडून वेल गळून गेली.

त्यानंतर त्या घरोघर हिंडल्या. दवाखाना, शिंपीण, मास्तर. "तुमच्याकडे वाढली असेल ना? एवढीशी फांदी द्या." सगळ्यांनी आपापलं पान दाखवलं.

शेवटी आमच्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. खरं सांगते, मला बरं वाटलं. पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

"आई, वेल गेली. तुमच्या पानाला फूट आली का हो?"

"कशी येईल?" आई म्हणाल्या. "डोळा कुठंय त्याला? आणलंस त्याच दिवशी बघितलं मी."

मी आईंकडे बघतच राहिले.

"मग बोलला का नाहीत?" जाऊबाई म्हणाल्या.

"वाटलं, कधीतरी तुलाच लाज वाटेल आणि दुसरं आणशील." आईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "एकीला तरी डोळ्यासकट दिली असतीस गं. आज तिच्याकडून मागून आणली असती. माझी वेल गेली."

आईंचे खांदे हलत होते, आणि माझं बरं वाटणं कुठल्या कुठं गेलं.

"हे पान मी नेऊ?" जाऊबाईंनी विचारलं.

"ने. आता काय करायचंय मला."

त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरली. फाटकात मास्तरीण भेटल्या. कुंडी बघून कौतुकानं म्हणाल्या, "काय ताई, आज कुणाला देताय?"