वाऱ्याला दिलेली खुर्ची

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. चंदनसारला आमच्या सोसायटीची लिफ्ट आपोआप वरखाली करू लागली तेव्हा शेजारी लिंबू-मिरच्या आणायला धावले होते, मी लिफ्टवाल्याला फोन लावत होतो. त्यामुळे पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा... दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

माझी मावशी गिरीजला वाडीत एकटी राहते. घरामागे राजेळी केळींची बाग. ती केळी सोलून, उन्हात वाळवून मावशी सुकेळी करते, आणि त्या सुकेळ्यांपुढे तिला देव, डॉक्टर, भाचा कोणी दिसत नाही. गुडघे पार गेलेत, म्हणून मी सारखा मागे लागायचो — माझ्याकडे चंदनसारला राहायला चल. शेवटी वैतागून म्हणाली, "यंदाच्या वादळात बाग पडली तर येते. नाय पडली तर परत तोंड उघडायचं नाय."

चक्रीवादळाचा इशारा आला त्या दुपारी मी तिच्याकडेच होतो. खरं सांगतो, मनातल्या मनात मी तिची बॅग भरूनही ठेवली होती.

वारा सुटला. शेजारच्या वाडीतल्या केळी काडकाड मोडू लागल्या, कुणाचा तरी पत्रा उडत गेला. मावशी आतून ओरडली, "अरे, अंगनात पाट टाक! तो दारात आलाय, बसायला नको?"

आमच्या आजोळची ही पद्धत. वादळ आलं की अंगणात पाट ठेवायचा. पाहुणा टेकतो, दम खातो, निघतो. पण पाटावर भरलेला सिलिंडर होता. म्हटलं, वाऱ्याला काय कळतंय... पडवीतली लाल प्लास्टिकची खुर्ची अंगणात सरकवली आणि दार लावून घेतलं.

मावशीनं खिडकीतून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "खुर्ची? अक्कल हाय का तुला? पाटावरचा पाहुना लगेच उठतो. खुर्चीत बसला की हलायचं नाव घेत नाय!"

हसू दाबत मी बाहेर बघितलं... जी खुर्ची टेबलफॅनच्या वाऱ्यानं सरकते, ती जागची हलत नव्हती. कुंपणापलीकडचे माड पार वाकले होते आणि आमच्या बागेत केळीचं पान हलेना. मग खुर्ची कुरकुरली. तिचे मागचे पाय हळूहळू फाकले — जाडजूड माणूस रेलून बसल्यावर फाकतात तसे. मी घाबरलो. चांगलाच घाबरलो.

मावशीला मात्र पाहुणचार सुचत होता. "आता आलाच हाय तर च्या दे त्याला."

"मावशी, मी नाही जाणार."

"मग मी जाते, हे गुडघे घेऊन."

गेलो. जवळजवळ रांगतच गेलो. कपबशी खुर्चीजवळ ठेवली, "घ्या" म्हणालो — वाऱ्याला अहोजाहो! — आणि पळत आत आलो.

संध्याकाळी खुर्ची एकदम टुणकन उडाली आणि कुंपणाबाहेर जाऊन पडली. त्याच क्षणी आमची केळीची पानं सळसळली. बाहेर जाऊन पाहिलं तर कप बशीत पालथा घातलेला... 'आता पुरे' म्हणणारे घालतात तसा.

आजूबाजूच्या बागा आडव्या झाल्या होत्या. आमची एकही केळ पडली नव्हती. मावशी प्रत्येक बुंध्याला हात लावत फिरली आणि मग पदरानं डोळे पुसत माझ्याकडे बघून हसली. मी त्यानंतर चंदनसारचं नाव काढलेलं नाही.

माझा एक मित्र फिजिक्स शिकवतो. तो म्हणाला, वाऱ्याचे झोत असे विचित्र असतात, आणि प्लास्टिक जुनं असेल. आणि कप? त्यावर त्यानं विषय बदलला.

परवा समुद्रात पुन्हा वादळ तयार होत असल्याची बातमी आली. मी मावशीला फोन करून म्हटलं, पाट काढून ठेव.

"पाट कशाला? त्याला आता खुर्चीची सवय झालीय. येताना एक चांगली मजबूत घेऊन ये. त्या जुनीत दाटत होतं बिचाऱ्याला."

गेलो दुकानात. दुकानदारानं सरळ विचारलं, "बसणार कोण? वजन साधारण किती?"