तंजावरचं रेशीम हाताला कसं लागतं

सासूबाई गेल्या, पण त्यांच्या रेशमी लुगड्याची सळसळ अजून माझ्या कानात आहे. लग्नानंतर प्रथमच तंजावरला गेलो, तेव्हा त्या दिसायच्या आधी ऐकू आल्या होत्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या बायकोचे, सुमनचे, डोळे गेले आणि तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणं सोडलं. एकदा म्हणाली, "आईच्या लुगड्यासारखं रेशीम आणाल? हाताला लागलं की मला माहेर दिसेल." मी निघालो.

मद्रासहून तेव्हा मीटर गेजची छोटी गाडी होती. भातखाचरं, कालवे, नारळ. मी शाळेत शिकवायच्या कविता गुणगुणत बसलो. तुम्ही गेलात तर स्टेशनाबाहेर पितळी पेल्यातली कॉफी चुकवू नका. अगदी स्वस्त.

सुमनचा धाकटा भाऊ व्यंकट न्यायला आला होता. "भावजी, अक्का कुठं?"

"ती नाही येत कुठेच."

"अय्यो! मग तुम्ही कायकी आले?"

सकाळी दुकानात गेलो. दुकानदाराने दोन रेशमं पुढे टाकली, एक तिरुभुवनमचं, एक कांचीपुरमचं. हात नुसता टेकवला तर दोन्ही सारखीच. बोट सरकवलं की पहिल्यात बारीक खरखर, दुसऱ्यात सायीचा मऊपणा.

व्यंकटने डोळे मिटून पहिलं चाचपलं. "हेच आईचं!"

"छे, दुसरं."

"लहानपणी तिच्याच पदराला हात पुसले मी!"

"म्हणून तुला रेशीम नाही, सांबार आठवतंय."

तेवढ्यात करंट गेला. डोक्यावरचा घरघरता पंखा थांबला. पुन्हा बोटं फिरवली तर रेशीम सळसळलं, आणि मघाचं मऊ चक्क खरखरीत लागलं! व्यंकटचंही मत फिरलं. आता तो माझ्या रेशमाच्या बाजूने, मी त्याच्या. मी वर्गात इतकी वर्षं 'मखमली' शब्द शिकवला; पण मखमल असते कुठे? कापडात, बोटात की कानात?

शेवटी तिरुभुवनमचं घेतलं. दुपारी बसने तिरुवैयारुला गेलो, कावेरीच्या पायऱ्यांवर ते पुन्हा चाचपलं. ओल्या बोटांना तिसरंच काही लागलं.

घरी सुमनने घडीवर अंगठा फिरवला, ती गालाला लावली. "असेलही," म्हणाली. मग हळूच, "नसेलही. दुसरं कसं होतं?"

एवढा प्रवास करून मी तिच्यासाठी नेमकं काय आणलं होतं, हेच कळेना.

आठवड्याने दारावर थाप पडली. कधी तंजावर जिल्ह्याबाहेर न पडलेला व्यंकट घामाघूम उभा!

"भावजी, झोपच येईना. दुकानदाराला दुसरं बाजूला ठेवायला सांगितलंय." मग आत बघून ओरडला, "अक्का, आमच्यानं होत नाही! तुझा हात न्यायला आलो!"

आतून सुमन म्हणाली, "अहो, माझ्या चपला कुठे ठेवल्यात?"