ताईच्या पासपोर्टची मुदत

आमच्या घरी परदेशात गेलेली पहिली व्यक्ती म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजी नैरोबीला शाळामास्तर होते. लग्नानंतर ताई मुंबईहून आगबोटीने तिकडे गेली तेव्हा मी मॅट्रिकला होते. पाच वर्षांनी ती पहिल्यांदा परत आली, ती मौजेने नव्हे. होळीच्या आठवड्यात आईच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते.

तेव्हा मी अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. सोमवार ते शनिवार एका विधवा बाईंच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारची गाडी पकडून बडनेऱ्याला, तिथून अमरावतीला घरी. नोकरी अजून कच्ची होती. दिवाळीपर्यंत टिकले तर कायम, असं हेडमास्तरीणबाईंनी सांगितलं होतं. आई अंथरुणाला खिळली आणि बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्याच रविवारी बाबा मला म्हणाले, "बाई, आता तुला नोकरी सोडावी लागेल असं दिसतं."

मी रात्रभर रडले. सकाळी बाबांनी ताईला पत्र घालायला सांगितलं. ते पत्र मीच लिहिलं. त्यांनी सांगितलं त्यापेक्षा आईची तब्येत मी थोडी जास्तच वाईट लिहिली. माझा पहिला अपराध तोच म्हणायचा, पण त्याचं मला फार वाटत नाही. आई खरंच वाईट होती.

ताई आली. तिची मुलगी चार वर्षांची, नुकती बालवाडीत घातलेली, म्हणून तिला भाऊजींजवळच ठेवलं होतं. शेजारी एक गुजराती कुटुंब होतं, ते बघणार होते. "गणपतीपर्यंत राहीन," ताई म्हणाली. तिने येताच पदर खोचला. आईला कुशीवर वळवणं, तेल चोळणं, चमच्याने पेज भरवणं, सगळं ती करायची आणि मी शनिवारी पाहुणीसारखी यायचे. आईचा हात हळूहळू हलायला लागला. बोलणं सुधारलं. आई अकोल्याकडच्या खेड्यातली. पन्नास वर्षं शहरात राहूनही तिची बोली बदलली नाही, आणि आजाराने तर ती आणखीच गावाकडची झाली.

बाबांना दिसत नसल्यामुळे घरातले सगळे कागद माझ्याकडे. शेतसाऱ्याच्या पावत्या, विम्याचं पुस्तक, आणि आल्यावर ताईने दिलेला तिचा पासपोर्टही मीच कपाटात ठेवला होता. श्रावणातल्या एका रविवारी बाबा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "ताईच्या त्या पुस्तकाला मुदत असते म्हणे. पाहिलीस का?"

मी कपाटाशी गेले. पासपोर्ट उघडला. मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत होती. दीड-दोन महिने उरले होते. अर्ज आत्ता नागपूरला पाठवला तर गणपतीच्या आत काम होईल, आणि ताई ठरल्याप्रमाणे जाईल, हे मला त्या एका क्षणात सगळं दिसलं. ताई गेली की आईजवळ कोण, हेही दिसलं. दिवाळी अजून तीन महिने लांब होती.

"पाहिली," मी म्हणाले. "आहे अजून."

खोटं नव्हतं ते. गेली कित्येक वर्षं मी स्वतःशी हेच म्हणत आले आहे की ते खोटं नव्हतं.

गणपती आले, गेले. आईला धरून चालवता येऊ लागलं होतं, तेव्हा ताईनेच आपला मुक्काम दिवाळीपर्यंत वाढवला. मुलीची आठवण आली की ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायची. मी ते पाहत होते. दिवाळीत माझ्या हातात कायम झाल्याचं पत्र आलं. ताईने मला ओवाळून पेढा भरवला, आणि पासपोर्टचं तेव्हा तरी बोलावं असं माझ्या मनात आलं. पण सणाच्या दिवशी कशाला, असं म्हणून मी गप्प बसले.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नैरोबीहून तार आली. भाऊजींच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. लगेच निघ, एवढंच होतं तारेत. मुंबईच्या मावसभावाला उलट तार गेली. त्याने कळवलं की मोंबासा बंदराची बोट बारा दिवसांनी आहे, त्यानंतरची थेट महिन्याने. जागा धरली आहे, पासपोर्ट घेऊन या.

मी शाळेतून रजा काढून आले होते. ताईने स्वतःच कपाट उघडलं. पासपोर्टची पानं उलटताना तिचा हात थांबला.

"अगं, ही तारीख तर गेली."

बाबा झोपाळ्यावरून उठले. "गेली म्हणजे? तू म्हणाली होतीस ना मुदत आहे?"

"तेव्हा होती, बाबा," मी म्हणाले.

ते परत झोपाळ्यावर टेकले. मग म्हणाले, "हो. तेव्हा होतीच. मीच परत विचारायला पाहिजे होतं. माझंच चुकलं."

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी काय केलं, तर पायांत चपला घातल्या आणि म्हणाले, "ताई, घाबरू नकोस. मी करून आणते सगळं."

आणि खरंच मी पळत सुटले. अर्जाचा नमुना मिळवला. ताईला फोटोवाल्याकडे नेलं. त्याच्याकडे लाइट नव्हती म्हणून उन्हात अंगणात खुर्ची मांडून फोटो काढवला. देवी टोचल्याचा जुना दाखला शोधला. माझ्या आयुष्यात मी इतक्या तळमळीने कुणाचं काम केलं नसेल, आणि ज्याला त्याला ताई सांगत होती, "ही आहे म्हणून. नाही तर माझं काय झालं असतं?"

अर्जाला मॅजिस्ट्रेटचा दाखला लागत होता, अर्जदाराला मी जातीने ओळखतो असा. बाबांचे एक जुने विद्यार्थी मॅजिस्ट्रेट होते. कचेरीत गेलो तर कारकून म्हणाला, साहेब कौंडण्यपूरच्या यात्रेच्या बंदोबस्तावर गेलेत, परवा येतील. बारातले तीन दिवस तोवर गेले होते. आम्ही दोघी तशाच एस.टी.त बसलो.

बस खच्चून भरलेली होती. कुणाच्या मांडीवर गाठोडं, कुणाच्या मांडीवर पोर. शेजारच्या म्हातारीने ताईला विचारलं, "कोन्या गावची वं बाई तू?" ताईने आफ्रिका म्हटल्यावर ती म्हणाली, "थे दर्याच्या पल्याड? मंग पोरीले कोनापाशी ठेवलं?" पोरीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं; ताईचं तोंड पाहूनच बाईने ओळखलं असावं. ताई खिडकीतून बाहेर पाहू लागली. दोन्ही बाजूंनी कपाशीची शेतं पांढरी झाली होती.

यात्रेच्या गर्दीतून वाट काढत आम्ही वर्धा नदीच्या काठाने साहेबांच्या राहुटीपाशी पोचलो. शिपाई दारातच उभा होता. "सायेब जेवून राहिले. बसा तिकडे." आम्ही लिंबाखाली बसलो. ताई देवळाकडे पाहत होती. कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर. ती एकदम हसली. "बघ, हीही इथूनच घाईघाईने सासरी गेली. पण हिला कुणी मुदत विचारली नाही." मीही हसले.

साहेब भले गृहस्थ होते. ताईला त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं. पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. मग कपाळाला हात लावला. शिक्का कचेरीतल्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या कंबरेला, आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही हा नियम. "परवा सकाळी दहाला कचेरीत या. सगळ्यांत आधी तुमचं काम करतो." ते शब्दाला जागले. पण ते दोन दिवस ताईने काही खाल्लं नाही.

सातव्या दिवशी आम्ही नागपूरला पासपोर्टच्या कचेरीत गेलो. बाकावर बायका आम्हा दोघीच. दुपारी आत बोलावलं. टेबलामागचे अधिकारी वयस्क होते, चष्म्यातून एकेक कागद वाचत होते. तार पाहिली, अर्ज पाहिला, आणि ताईकडे न बघता म्हणाले, "बाई, तपासणी व्हायला आठ-दहा दिवस तरी लागतात. मी होईल तितकी घाई करतो. पण एक विचारू? दोन महिने आधी अर्ज टपालाने टाकला असता तर पुस्तक घरबसल्या आलं असतं. शिकलेली माणसं तुम्ही. कुणी तारीख पाहिली नाही?"

ताई म्हणाली, "आई आजारी होती हो. कोणाच्या ध्यानात राहणार?"

ती माझ्याकडे वळलीही नाही. आपण माझी बाजू राखतो आहोत हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं, आणि ती राखत होती.

बोट गेली त्या दिवशी ताईने आईला न्हाऊ घातलं. केस पुसताना मध्येच थांबून तिने घड्याळ पाहिलं आणि परत पुसायला लागली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी रजिस्टर्ड टपालाने पासपोर्ट आला. पोस्टमनने सही घेतली तेव्हा आम्ही सगळे ओसरीवर होतो आणि कुणालाच आनंद झाला नाही. भाऊजींचं ऑपरेशन तोवर पार पडलं होतं. ते वाचले, हे देवाचे उपकार. पण ताई पुढच्या बोटीपर्यंत, म्हणजे आणखी जवळजवळ महिनाभर, अमरावतीतच अडकली. तोवर भाऊजी दवाखान्यात आणि पोर शेजाऱ्यांकडे.

ती गेल्यावर आईकडे पाहायला बाबांची एक विधवा चुलतबहीण आनंदाने येऊन राहिली. तिला फक्त विचारायचं बाकी होतं. होळीलाच विचारलं असतं तरी ती आली असती. ते कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

ताईचं पहिलं पत्र संक्रांत उलटून गेल्यावर आलं. मी ते आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवत होते. तिने गंमत म्हणून लिहिलं होतं: मी घरात शिरले तर आमची लेक शेजारच्या काकूंच्या मागे लपली. काकूंना 'बा', म्हणजे आई, म्हणते, बोलते सगळं गुजरातीत. मला विचारलं, तुम्ही कोण? आता चार दिवसांनी जवळ येते, पण रात्री झोपायला तिकडेच जाते.

बाबा हसले. मला पुढचं वाचता येईना. डोळ्यांत कचरा गेला म्हणून मी उठले.

आईच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. दुपारी तिने मला जवळ बसवलं, आणि मी सगळं सांगितलं. श्रावणातला रविवार, बाबांचा प्रश्न, माझं उत्तर. ती बराच वेळ डाव्या हाताने उजवा हात चोळत राहिली.

"ताईला लिहून टाकते," मी म्हणाले. "मला सहन होत नाही."

"तुले सहन होत नाही, म्हनून तिच्या डोक्यावर कायले ठेवून राहिली?" आई म्हणाली. "तिनं थे दिवस माह्यापाशी सुखानं काढले. राहू दे तिचे तिच्यापाशी."

मी आईचं सहा-सात वर्षं ऐकलं. मग आई गेली. ताई वर्षश्राद्धाला आली; तिची मुलगी बरोबर होती, उंच झालेली, ताईच्या गळ्यात हात टाकून बोलणारी. ते पाहून मला धीर आला. आता काय बिघडणार आहे, असं वाटलं. मागच्या दारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो तेव्हा मी सांगितलं.

ताईने हातातलं सूप खाली ठेवलं नाही. निवडत राहिली. मग म्हणाली, "नागपूरला त्यांनी विचारलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस."

"हो."

"आणि बोटीच्या दिवशीही घरीच होतीस."

"हो, ताई."

तिने तांदूळ पातेल्यात ओतले आणि आत गेली. रागावली नाही, रडली नाही. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. जाताना डोक्यावरून हात फिरवला, तोही नेहमीसारखाच.

पत्रं पुढेही येत राहिली. लेकीचं लग्न, जावई, नातू, सगळं ती लिहायची. पण मी सांगण्याआधी तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी माझ्यासाठी एखादं काम असे. कुरडया पाठव, अमुकचा दाखला काढून ठेव, तमक्याला निरोप दे. त्यानंतरच्या एकाही पत्रात तिने मला काही करायला सांगितलं नाही. बाबा गेल्यावर वारसाचे कागद करायचे होते, तेही तिने मुंबईच्या मावसभावाकडे सोपवले. मी तेव्हा अमरावतीच्याच शाळेत होते, कचेरीपासून दहा मिनिटांवर.

आईचं ऐकायला हवं होतं की नको होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.