तागा कुठून आला?

एका प्रोग्रामच्या इंटरनेटवरच्या चर्चेच्या फोरमवरच्या मुख्य माणसाने मला फसवलं. मी त्याला नाही. मी फक्त त्याच्या प्रोग्रामला चिंधी म्हणालो होतो, ती गोष्ट वेगळी.

दोन हजार पाच-सहाचा काळ. भिवंडीत कामतघरला लूमवर शिफ्ट करता करता मी कॉम्प्युटर शिकलो आणि जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात कापडाच्या साठ्याची नोंद ठेवायचं काम मिळवलं. इंटरनेटवर फुकट मिळणारा एक प्रोग्राम तिथे बसवला. पण दोन टेबलांवरून एकाच वेळी नोंद झाली की एक तागा गायब. कापडाची अख्खी गुंडाळी समोर दिसायची, पडद्यावर नाही.

मालक म्हणाले, "तुझी पेटी खोटा बोलते. नीट झाला तर कशेळीचा गोदामबी तुझा. न्हाय तर आपली वही बरी हाय."

मी डिक्शनरी घेऊन त्या प्रोग्रामच्या फोरमवर इंग्रजीत लिहिलं : "तुमचा माल चिंधी आहे. शेजारच्याचा बरा. तरी तुमचाच घेतोय, तेव्हा एवढं दुरुस्त करून द्या." भिवंडीत कापड घेताना कोणीही असंच बोलतो. व्यापारी दोन शिव्या हासडतो, मग चहा सांगतो, मग भाव ठरतो.

मुख्य माणसाचं उत्तर आलं : "असल्या अडाण्याने कीबोर्डला हात लावू नये."

मी खूश. सौदा सुरू झाला! मी एक पायरी वर चढून त्याच्या अकलेवर लिहिलं. त्याने मला फोरमबाहेर काढलं. चहाबिहा काही नाही.

मग तीन रविवार घालवून चूक मीच शोधली. नवं खातं उघडलं, 'सर, सर' करत दुरुस्ती पाठवली, खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. उत्तर : "हे बकरीने चघळून पाठवलंय का? घेणार नाही." तेही खातं बंद.

महिन्याभरात प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. चूक गेलेली. दुरुस्ती करणारा म्हणून नाव त्याचं. आत उघडून पाहिलं, तर ओळी माझ्या, त्याच क्रमाने. आणि मधोमध मी एका रकान्याला दिलेलं नाव तसंच : taga. चोराला ते पुसायचंही सुचलं नव्हतं.

मी ते मालकांना सांगितलं, तेव्हा त्यांच्या शिकलेल्या मुलीने नव्या आवृत्तीसोबतची दुरुस्ती करणाऱ्यांची यादी वाचली. "पप्पा, यात यांचं नाव कुठंच नाही."

"मंग तू काय केलास रं? फुकटचा आनलास, फुकटचा बसवलास."

"शेठ, दुरुस्ती माझी आहे. त्याने आधी तिला नावं ठेवली, मग उचलली."

"चांगली होती तर नावं कशाला ठेवली?"

"ज्याला माल घ्यायचा असतो तोच नावं ठेवतो! तुम्ही नाही ठेवत?"

मालक खो खो हसले. कशेळीचं काम मात्र दुसऱ्याला दिलं.

माल हलका म्हणत घेणं ही आमचीही रीत आहे, मान्य. पण घेतल्यावर विणणाऱ्याचा शिक्का खरडून आम्ही आपला मारत नाही. तेव्हा त्या साहेबांनी माझ्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं : तुमच्या मुलखात तागा कशाला म्हणतात? लेखी द्यावं, त्याच फोरमवर, सगळ्यांदेखत. आणि आधी माझं खातं उघडावं, म्हणजे मला वाचता येईल.