सगळेच तातडीचे

रुग्णालयातल्या कॉम्प्युटर विभागाच्या त्या माणसाला सगळे होयबा म्हणत, आणि त्या गाढवाला ते कौतुक वाटे. देवाने त्याला कणा दिला असेलही, पण तो वापरताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

तळमजल्यावरच्या कोंदट खोलीत नेटवर्कचा एक डबा होता, त्याला स्विच म्हणत. इमारतीतले सगळे फोन आणि कॉम्प्युटर त्यातूनच बोलत. गर्दी झाली की आधी कुणाला सोडायचं, हे होयबा ठरवायचा. नियम साधा होता: फोनवरचा आवाज पुढे, बाकी सगळं मागे. फाईल क्षणभर थांबली तर काही बिघडत नाही, पण आवाज थांबला की शब्द तुटतो. सुरुवातीला त्याने तसंच लावलं होतं. एवढी अक्कल त्याला होती, म्हणून तर जास्त चीड येते.

मग हिशेब विभागाचे साहेब गुरगुरले, "आमचं काम तातडीचं नाही का?"

"आहे ना साहेब!"

मोठ्या डॉक्टरीणबाईंना भाषण बघताना चित्र अडकलेलं खपेना. "लगेच करतो मॅडम!" शेवटी कुणाला नकार द्यायची वेळच नको, म्हणून या शहाण्याने स्विचला सांगून टाकलं की, प्रत्येक यंत्र स्वतःला जे म्हणवेल ते खरं मानायचं. झालं! जो तो तातडीचा. साहेबांचे सिनेमेसुद्धा तातडीचे. त्या गर्दीत फोन चेंगरले.

आणीबाणीच्या फोनवर त्याची थोरली बहीण बसायची. याला नोकरी तिनेच शब्द टाकून लावलेली. "अरे, आवाज तुटतोय, जरा बघ ना," ती म्हणाली. "बघतो गं ताई," म्हणून त्याने विषय मिटवला. बघायचं म्हणजे साहेबांना मागे ढकलणं आलं.

एका दुपारी कुणा बाईचा फोन आला. नवऱ्याच्या छातीत कळ, नदीपलीकडच्या शाळेसमोर. ताईला ऐकू आलं, "...लीकडच्या शाळेसमोर." पुन्हा विचारेपर्यंत फोन बंद. अलीकडेही एक शाळा होतीच, गाडी तिकडे गेली आणि मग पूल ओलांडून धावली. माणूस नशिबाने वाचला, पण ताईच्या जागेवर गदा आली.

चौकशीत मोठ्या साहेबांनी होयबालाच विचारलं, "लाईनमध्ये काही दोष?"

ताई त्याच्याकडे बघत होती. त्याने घसा खाकरला. "छे, साहेब. लाईन चोख आहे."

म्हणजे दोष कानांचा. ताईची रवानगी जुन्या कागदांच्या खोलीत झाली. त्याच संध्याकाळी होयबाने गुपचूप फोन पुन्हा पुढे लावले. आता फोनवर बसलेल्या नव्या बाईंना प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागला. साहेब खूश. "हिचे कान तिखट आहेत हं!"

"अगदी, साहेब," होयबा म्हणाला. जिभेला हाड नसतं, याच्या तर कुठेच नव्हतं.

ताईने मात्र ते कानांचं मनाला लावून घेतलं. रविवारी तो तिच्याकडे जेवायला गेला, तेव्हा वाढता वाढता ती म्हणाली, "बरं झालं तू खरं सांगितलंस. माझ्या बहिरेपणापायी कुणाचा जीव गेला असता रे. आता कानाचं यंत्र घ्यावं म्हणते."

होयबाने घास गिळला, तिच्या कानाशी वाकला आणि तिला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्याने ओरडला, "घे ताई! घेच तू!"