माईची मॅडम

शशिकला खानझोडेला नोकरी लागली तेव्हा मी तिला बरंच छळलं. तिचा नवरा श्रीनिवास आणि आमचे हे एकाच सरकारी कचेरीत. चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये ती वरच्या मजल्यावर, मी खाली. लग्नाला दहा वर्षं होऊनही तिच्या घरात पाळणा हलला नव्हता आणि ही निघाली मुलींच्या बालगृहात समाजसेविका म्हणून. "उपाशी माणसाने हलवायाकडे नोकरी धरावी, तसं आहे हे तुझं," असं मी तोंडावर म्हटलं. ती हसली.

"अगं नलिनी, नियम आहेत ना. मुलीला घरी न्यायचं नाही, नातं लावून घ्यायचं नाही, एकीला दिलं ते सगळ्यांना द्यायचं."

सहा वर्षं तिने हे नियम सोवळं पाळावं तसे पाळले. मग चौऱ्याहत्तर साली सुनंदा आली.

दहा वर्षांची, आईबाप नसलेली पोर, शशिकलाच्याच अमरावतीकडची. विश्राम नावाच्या मामाने तिला इथल्या एका साहेबांकडे तान्हं मूल सांभाळायला धाडली होती आणि पगार तो परस्पर घेत होता. हातावर कढत दूध सांडलं, वर मारही बसला, तेव्हा ती पळाली. पोलिसांनी बसस्टँडवरून उचलून बालगृहात आणली. हिंदी येत नव्हती, म्हणून दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती. शशिकलाने शेजारी बसून नुसतं विचारलं, "भूक लागली का व माय?" पोरीने तिच्या गळ्याला जी मिठी मारली ती सोडेचना. त्या दिवसापासून शशिकला तिची माई झाली. नियमाप्रमाणे 'मॅडम म्हण' असं सांगायला हवं होतं. तिच्याने सांगवलं नाही, आणि मला तरी त्यात काही नवल वाटलं नाही.

दिवाळीत तर तिने कहरच केला. पहाटे पोरीला घरी आणली, तेल-उटणं लावून न्हाऊ घातली. चंदीगडात कारीट कुठून मिळणार? अंगठ्याखाली फोडायला तिने एक छोटंसं कारलं ठेवलं. ते फुटेना, सटकून माझ्या दारापर्यंत गेलं. सुनंदा इतकी हसली की मीही हसले. दुपारी नवा फ्रॉक घालून ती बालगृहात परत गेली आणि बाकीच्या मुली तिच्याकडे बघत राहिल्या. तिथल्या अधीक्षिका ढिल्लोंबाईंनी शशिकलाला फैलावर घेतलं. हिला त्याचं काही वाटलं नाही, कारण नवराबायकोंनी पोरीला रीतसर दत्तक घ्यायचं ठरवलंच होतं. श्रीनिवास एक लहान खाटही घेऊन आला होता.

तेवढ्यात मामा उपटला. भाची परत द्या म्हणाला. तिला कामाला ठेवायला दुसरं घर त्याने आधीच बघून ठेवलं होतं. सुनंदा शशिकलाला बिलगून म्हणाली, "माई, मले त्याच्यासंग नोको धाडू." शशिकलाने अहवालात स्पष्ट लिहिलं की मुलगी मामाकडे देऊ नये. निर्णय बाल कल्याण मंडळाचा होता. मामाला हिंदी धड येत नव्हती आणि शशिकलाचं भाषांतर त्याला नको होतं, म्हणून ढिल्लोंबाईंनी मला बोलावलं. मीही मोठ्या तोऱ्यात गेले. गेले नसते तर बरं झालं असतं.

मामा दिसायला गरीब, पण बेरकी. हात जोडून म्हणाला, "बाईले सोताचं लेकरू नाई, म्हून आमची पोरगी ठिवून घ्याची हाय तिले. दिवाईले घरी नेली, न्हाऊ घातली. पोरीले सारं इनंच पढवलं." रागाने माझं अंग जळत होतं, पण त्यात खोटं ते शेवटचं वाक्य तेवढं. मी ते हिंदीत सांगितलं. ढिल्लोंबाईंना विचारलं, तेव्हा शशिकलाने पोरीला घरी नेल्याचं खरं आहे म्हणून त्यांनी सांगितलं.

अध्यक्षाबाई शशिकलाकडे वळल्या. "क्या आप इस बच्ची को अपने पास रखना चाहती हैं?"

हो म्हटलं तर अहवाल स्वार्थाचा ठरत होता, आणि पोर मामाच्या हाती जात होती. नाही म्हटलं तर पोर वाचत होती, पण हिची राहत नव्हती. सुनंदा बाकावर बसून टक लावून बघत होती. शशिकलाने तिच्याकडे पाहिलं नाही. "जी नहीं," ती म्हणाली. "ये बच्ची मेरी कोई नहीं है. मुझे ये नहीं चाहिए."

"इन्हें मराठी में बताइए," अध्यक्षाबाई मला म्हणाल्या.

मी पुटपुटले. मामा कानाला हात लावून म्हणाला, ऐकू आलं नाही. मेल्याला सगळं ऐकू आलं होतं! मग मी तिच्या वतीने खणखणीत आवाजात सांगितलं, "ही मुलगी माझी कुणी नाही. मला ती नको आहे."

मामा हात हलवत परत गेला. अठरा वर्षांची होईपर्यंत सुनंदा बालगृहातच राहील असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शशिकलाने विचारलं, "सुनंदा, जेवलीस का?" पोर एव्हाना मोडकीतोडकी हिंदी शिकली होती. खाली बघत म्हणाली, "जी, मॅडम."

खरं कारण तिला सांगायची सोय नव्हती. मामाचे अर्ज येतच होते, आणि पोर कुणाजवळ एक शब्द बोलली असती तर त्याला आयतं कोलीत मिळालं असतं. आठ वर्षं शशिकला रोज तिच्यासमोर मॅडम होऊन वावरली. नोकरी सोडावी तर पोर नजरेआड होणार. करावी तर हे 'जी मॅडम' ऐकायचं. श्रीनिवासने बढतीवरची बदली नाकारली. ती खाट वर तशीच होती.

ब्याऐंशीत सुनंदाला अठरा पूर्ण झाली आणि शिवणकामाच्या शाळेत नोकरी लागली. त्याच आठवड्यात शशिकला मला ओढत सुनंदाच्या खोलीवर घेऊन गेली. बसल्याबसल्या तिने सगळं मराठीत सांगून टाकलं. मंडळ, मामा, खाट, सगळं. सांगताना ती हमसून हमसून रडली.

सुनंदाने तिला पाणी दिलं. म्हणाली, "मॅडम जी, मराठी अब समझ में नहीं आती."

खरं की रुसवा, देव जाणे. मला मात्र राग आवरला नाही. "अगं, आपली भाषा! एक अक्षरसुद्धा आठवत नाही?"

"एक बात याद है, आंटी जी."

आणि तिने ती म्हणून दाखवली, माझ्याच खणखणीत आवाजात.

"ही मुलगी माझी कुणी नाही. मला ती नको आहे."