व्हॅनवाली पायी येते

माझी सून शाळेची व्हॅन चालवते. आधी माझा मुलगा चालवायचा. तो गेला, दिवस-वार उरकले, आणि हिने लायसन काढून चावी हातात घेतली. त्याला आता बरीच वर्षं झाली. सकाळची शाळा, दुपारची सुट्टी, संध्याकाळची कोचिंग. सगळा दिवस सीटवर बसून.

एकदा ती अंगणातून घरात आली ती एकाच पायात चप्पल घालून. मी म्हटलं, "दुसरी कुठाय गं?" तिने खाली पाहिलं. डाव्या पायातली चप्पल गळून पडली होती आणि तिला कळलंच नव्हतं.

शुगर निघाली. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून तळव्यांना बारीक दोरा टेकवून बघितला. डावा अंगठा बधिर. उजव्याला सगळं कळत होतं. डॉक्टर म्हणाले, "दवा लो, रोज पैदल चलो. गया हुआ शायद न लौटे, बाकी बचाना है. राइट पैर सुन्न हुआ तो गाड़ी बंद." ब्रेक उजव्या पायाचा. ही म्हणाली, "ठीक है."

घरी आल्यावर मी म्हटलं, "माझ्यासोबत फिरायला चल."

"कधी, आई? साडेपाचला डबे, सहाला गाडी. परत येते तर स्वयंपाक."

खरंच होतं. मी स्वतः अयोध्या नगरातून गोविंदपुऱ्याच्या फॅक्टरीत पायी जायची, उन्हात नि थंडीत. आमचे हे अंथरुणाला खिळले होते, मग घर कोणी चालवायचं? पण मला दुसरी सोयच नव्हती म्हणून मी चालले. दाराशी गाडी असून चालायचं, हे मला जमलं असतं का, सांगता येत नाही.

वाट तिनेच काढली. तिची बहुतेक पोरं बरखेड्याच्या क्वार्टरांतली. आधी ती दर दारासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवायची. आता गाडी मोठ्या रस्त्याला लावायची, चावी कमरेला खोचायची, नि घरोघरी पायी जायचं. जिने चढायचे, पोरं गोळा करायची, लहानग्यांची दप्तरं स्वतःच्या खांद्यावर घ्यायची, नि सगळी रांग गाडीपर्यंत चालवत आणायची. सुट्टीला उलटं. साडीवर कॅनव्हासचे बूट. शेजारणी हसल्या. हसू दे म्हणाली.

एकदा मीही सोबत गेले. तिसऱ्या मजल्यावरची एक आई दारातूनच म्हणाली, "आंटी, हॉर्न ख़राब हो गया क्या?"

ही धापा टाकत म्हणाली, "हॉर्न ठीक है. मैं ख़राब हो रही हूँ, इसलिए चढ़ी."

ती बाई हसली. पण पुढच्या घरातली नाही हसली. "हमने वैन लगाई है, पदयात्रा नहीं."

हिने खांद्यावरची दप्तरं सावरली. मग सरळ सांगितलं, शुगर आहे, डावा अंगठा सुन्न आहे, उजवा ठीक आहे, डॉक्टर तपासत राहणार, म्हणून चालते.

परतीच्या वाटेवर मी रागावले. "एवढं सगळं सांगायची काय गरज होती? टाळता येत नव्हतं?"

"त्यांची पोरं माझ्या मागे बसतात, आई."

त्या पदयात्रावाल्या बाईने पोरगी काढून घेतली ती घेतलीच. आणखी एका घराने विचारपूस केली, मग राहू दिली.

उन्हाळ्यात रांग लवकर निघायची. पावसात छत्र्या. तिचा पाय रोज रात्री मी परातीत धुवायची, तळवा उजेडात धरून बघायची, कुठे खरचटलं तर नाही. तिला कळलं नसतं, म्हणून मी बघायची. ती पाय मागे घ्यायची, "आई, तुम्ही नका हो." मी सोडायची नाही.

तीन महिन्यांनी परत तपासणी. मी बाजूच्या स्टूलावर. तिने डोळे मिटले. डॉक्टरांनी डाव्या अंगठ्याला दोरा टेकवला. ही गप्प. परत टेकवला. गप्पच. मग उजवा पाय.

"लगा," ती म्हणाली. टाचेला, "लगा." करंगळीला डॉक्टर जरा थांबले, मुद्दाम उशिराने टेकवला. "लगा."

शुगरचा कागद बघून ते म्हणाले, "चलाओ गाड़ी. तीन महीने बाद फिर आना."

ती रडली नाही की हसली नाही. घड्याळ बघून म्हणाली, "आई, सुट्टी व्हायला आली." बुटात हात घालून खडा-बिडा नाही ना ते चाचपलं, बूट चढवले, नि माझ्या आधी जिना उतरून गेली.